व्यासंगी आणि छांदिष्ट

पुण्यांत विद्वानांइतकेच विक्षिप्तही पुष्कळ, अशी थट्टा बाहेरगांवचे लोक फार दिवसांपासून करीत आले आहेत. आणि त्या थट्टेचा रोख बहुधा सदाशिव पेठेकडे असतो. एक गृहस्थ जेवणाची वेळ विसरून जुन्या पोथींत डोकें घालून बसलेला असतो, दुसरा जुन्या बाजारांत एका मोडक्या समईसाठीं घासाघीस करीत उभा असतो, जग दोघांकडेही पाहून हंसतें आणि म्हणतें, "वेडा आहे झालें!" शेरा एकच, माणसें मात्र दोन निरनिराळ्या जातींचीं. पहिला व्यासंगी, दुसरा छांदिष्ट. हे दोन शब्द व्यवहारांत इतके जवळ येऊन बसले आहेत कीं, त्यांच्यामधील भेद सहसा कोणी विचारांत घेत नाहीं. परंतु सदाशिव पेठेच्या इतिहासांत तो भेद स्वच्छ दिसतो. आणि महाराष्ट्राला स्वतःच्या भूतकाळाविषयीं जें कांहीं ठाऊक आहे, त्याचा बराच भाग ह्या दोन वेडांच्या भेटीवर अवलंबून राहिला आहे. म्हणून हा विचार केवळ शब्दांचा खेळ नव्हे.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. 'व्यासंग' ह्या शब्दाच्या पोटीं चिकटण्याचा अर्थ आहे. मन एखाद्या विषयाला असें चिकटतें कीं, तो विषय उलगडल्यावांचून तें सुटत नाहीं. 'छंद' म्हणजे इच्छा, मनाची ओढ; 'स्वच्छंद' ह्या शब्दांत तो अर्थ आजही जिवंत आहे. व्यासंगांत चिकाटी प्रधान, छंदांत ओढ प्रधान. आपल्या पूर्वजांना असे सूक्ष्म भेद करण्याची संवय होती. समर्थ रामदासांनीं दासबोधाच्या दुसऱ्या दशकांत मूर्खाचीं लक्षणें एका समासांत आणि पढतमूर्खाचीं दुसऱ्या समासांत सांगितलीं आहेत, तीं ह्याच संवयीमुळें.

इंग्रजी भाषेनें, विशेषतः अमेरिकेंतील बोलीनें, अशीच एक जोडी अलीकडे जगभर पसरविली आहे. ती म्हणजे 'नर्ड' आणि 'गीक'. 'गीक' हा शब्द मूळचा मूर्खवाचक. अमेरिकेंतील जत्रांतून जिवंत कोंबडीचें मुंडकें दांतांनीं तोडून दाखविणाऱ्या खेळगड्याला पुढें तो लावूं लागले. 'नर्ड' हा शब्द १९५० सालीं डॉ. स्यूस ह्या बालसाहित्यकाराच्या पुस्तकांत एका काल्पनिक प्राण्याचें नांव म्हणून आढळतो. आणि १९५१ सालीं एका अमेरिकन साप्ताहिकानें डेट्रॉइट शहरांतील तरुणांच्या बोलींत निरस माणसाला तो शब्द लावतात, अशी नोंद केली. पुढें गणकयंत्रांचा जमाना आला, हींच माणसें जगाला हवींशीं झालीं, आणि शिव्यांचीं बिरुदें बनलीं. अभ्यासांत बुडून गेलेला तो 'नर्ड' आणि एखाद्या विषयाच्या नादानें झपाटलेला तो 'गीक', असा भेद आतां सर्वसाधारणपणें करतात. तिकडे हा भेद नवा असेल. सदाशिव पेठेला तो जुनाच आहे.

पेशवाईंत वसलेल्या ह्या पेठेला पानिपतच्या रणांत १४ जानेवारी १७६१ रोजीं पडलेल्या सदाशिवरावभाऊंचें नांव आहे. पेठेच्या दक्षिणेस पर्वती. त्या पर्वतीच्या पायथ्याशीं श्रावणमासांत पेशवे विद्वान् ब्राह्मणांस दक्षिणा वांटीत, आणि शास्त्रांत परीक्षा देऊन उतरलेल्यांस त्यांच्या योग्यतेप्रमाणें अधिक देत. त्याच पर्वतीच्या परिसरांत सवाई माधवरावांचा शिकारखाना होता. वन्य पशु पाळण्याचा त्या तरुण पेशव्याला मोठा शोक. म्हणजे एकाच टेकडीच्या सावलींत व्यासंगाला दक्षिणा मिळे आणि छंदाला राजाश्रय मिळे. १८१८ सालीं राज्य गेलें. दुसऱ्या बाजीरावानें बांधलेल्या सदाशिव पेठेंतील विश्रामबाग वाड्यांत इंग्रज सरकारनें १८२१ सालीं संस्कृत पाठशाळा उघडली, आणि दक्षिणेच्या रकमेंतील कांहीं भाग पुढें मराठी ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळविला. परंतु जुना आश्रय गेला तो गेलाच. व्यासंग काय किंवा छंद काय, ह्यापुढें तो सामान्य माणसानें आपल्या तुटपुंज्या मिळकतींतून आणि घरच्यांची बोलणीं सोसून चालवावयाचा होता. ह्या दोन वृत्तींचा खरा कस लागला तो ह्याच काळांत.

शुद्ध व्यासंगाचें उदाहरण पाहावयाचें तर शंकर बाळकृष्ण दीक्षित ह्यांचें पाहावें. रत्नागिरी जिल्ह्यांतील मुरूड येथें १८५३ सालीं त्यांचा जन्म झाला. मॅट्रिकच्या पुढें त्यांचें शालेय शिक्षण गेलें नाहीं. जन्मभर त्यांनीं शाळामास्तरकी केली, आणि अखेरीस ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजांत शिक्षक होते. दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसाच्या निमित्तानें त्यांनीं पंचांगाच्या प्रश्नाला हात घातला; आणि त्या एका प्रश्नाच्या मागें लागून वेदांग ज्योतिषापासून आपल्या काळापर्यंत झालेल्या ज्योतिषग्रंथांचा त्यांनीं धांडोळा घेतला. १८९६ सालीं त्यांचा 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं रॉबर्ट सिवेल ह्या इंग्रज अधिकाऱ्याच्या सहकार्यानें लिहिलेला 'इंडियन कॅलेंडर' हा ग्रंथही निघाला. त्यांतील कोष्टकांच्या साह्यानें जुन्या शिलालेखांतील किंवा पत्रांतील तिथि, वार आणि नक्षत्र एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं, हें पडताळून पाहतां येऊं लागलें. १८९८ सालीं, वयाच्या पंचेचाळिशींतच, दीक्षित वारले. त्यांच्या घरीं मौल्यवान् वस्तूंचा संग्रह नव्हता, त्यांना तो नकोही होता. त्यांना हवें होतें तें उत्तर, आणि तें दुसऱ्याला तपासतां येईल अशा रीतीनें मांडलेलें उत्तर.

शुद्ध छंदाचें उदाहरण त्यानंतरच्या पिढींत सांपडतें. दिनकर गंगाधर केळकर ह्यांचा जन्म १८९६ चा. 'अज्ञातवासी' ह्या नांवानें ते कविता लिहीत आणि उदरनिर्वाहासाठीं चष्म्यांचें दुकान चालवीत. १९२० च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तु जमविण्याचा नाद लागला. ह्या वस्तु तरी कसल्या? राजेरजवाड्यांचीं रत्नें नव्हेत. तर अडकित्ते, पानदानें, समया, लामणदिवे, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासावयाच्या वज्र्या, फण्या, गंजिफा, वाद्यें, दारांच्या कोरीव चौकटी. घरोघर नवीं भांडीं आणि नवे दिवे येत होते, आणि जुनी पितळ मोडींत वजनावर जात होती. केळकर आणि त्यांच्या पत्नी कमलाबाई ह्यांनीं गांवोगांव हिंडून ती जात असलेली गृहस्थी गोळा केली. त्यांचा मुलगा राजा बालपणींच वारला. त्याच्या नांवानें हा संग्रह पुढें 'राजा दिनकर केळकर संग्रहालय' म्हणून प्रसिद्धीस आला. सदाशिव पेठेला लागूनच असलेल्या शुक्रवार पेठेंत तें संग्रहालय आहे, त्यांत वीस हजारांवर वस्तु आहेत, आणि कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून तेथें पुन्हां उभे केले आहेत. सारा संग्रह केळकरांनीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९९० सालीं ते निवर्तले.

दीक्षित आणि केळकर हीं दोन टोकें. मधल्या माणसांना पारखण्यासाठीं तीन कसोट्या लावून पाहण्यासारख्या आहेत. पहिली कसोटी दुसऱ्या प्रतीची. हातीं असलेल्या वस्तूसारखीच हुबेहूब दुसरी वस्तु आली, तर छांदिष्टाला ती ओझें वाटते. ती देऊन तो एखादा निराळा नमुना घेऊन येतो. व्यासंग्याला मात्र त्याच पत्राची दुसरी नक्कल म्हणजे पर्वणी. कारण दोन प्रती ताडून पाहिल्याखेरीज पाठ ठरत नाहीं. दुसरी कसोटी खोटेपणाची. जीव लावून आणलेली वस्तु बनावट निघाली, तर छांदिष्टाच्या काळजाला घर पडतें. व्यासंगी क्षणभर खट्टू होतो आणि लगेच विचारूं लागतो कीं, हें बनावट पत्र कोणी केलें, कोणत्या वतनाच्या तंट्यासाठीं केलें, आणि त्या काळीं लोकांना कशाचा पुरावा पुरेसा वाटत होता? तिसरी कसोटी नाशाची. कागद जळाला, पण त्याची चोख नक्कल झालेली आहे, एवढें कळलें कीं व्यासंगी सावरतो. छांदिष्टाचें समाधान नकलेनें होत नाहीं. त्याला तोच कागद, तीच शाई, त्याच घड्या हव्या असतात.

ह्या कसोट्या हातीं धरून विश्वनाथ काशीनाथ राजवाडे ह्यांच्याकडे पाहिलें म्हणजे मौज दिसते. राजवाड्यांचा जन्म १८६३ चा. डेक्कन कॉलेजांतून ते पदवीधर झाले. पण वर्गापेक्षां ग्रंथालयावर त्यांची भिस्त अधिक. पत्नी तरुणपणींच वारली, त्यांनीं दुसरें लग्न केलें नाहीं. कांहीं काळ शिक्षकी केली, 'भाषांतर' नांवाचें मासिक चालविलें, आणि मग सारें सोडून ते जुन्या कागदांच्या मागें लागले. त्या वेळीं मराठेशाहीचीं दप्तरें वाड्यावाड्यांच्या माळ्यांवर वाळवी आणि कसर ह्यांच्या भक्ष्यस्थानीं पडत होतीं. कित्येक वाण्याच्या पुड्यांसाठीं गेलीं, कित्येक अडगळ म्हणून नदींत पडलीं. घराण्यांचे वंशज दप्तर दाखवावयास कचरत. वतनासंबंधीं नवें बालंट तर येणार नाहीं ना, ही त्यांना धास्ती. राजवाडे अशा घरांचे उंबरठे झिजवीत, हातानें स्वयंपाक करून जेवीत, आणि मिळेल त्या दिव्याच्या उजेडांत नकला करीत. 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' ह्या मालेचा पहिला खंड १८९८ सालीं बाहेर पडला, आणि त्यांत पानिपतच्या प्रकरणाचा पत्रव्यवहार होता. ज्या सेनापतीचें नांव सदाशिव पेठ मिरवीत होती, त्याच्या मोहिमेची हकीकत बखरींच्या पलीकडे जाऊन समकालीन पत्रांतून वाचावयास मिळाली. पुढें ह्या मालेचे एकंदर बावीस खंड झाले.

राजवाडे व्यासंगी होते यांत शंका नाहीं. एकेका खंडाला त्यांनीं जोडलेल्या प्रस्तावना म्हणजे स्वतंत्र ग्रंथच आहेत. मिळालेला कागद काय सांगतो आणि काय सांगत नाहीं, ह्याची फोड त्यांत आहे. परंतु नुसत्या व्यासंग्याला इतकी पायपीट करण्याचें कारण पडत नाहीं. त्याचें काम मिळालेल्या साधनांवर भागतें. कोणत्या गांवीं काय सांपडेल हें ठाऊक नसतां जाणें, रिकाम्या हातानें परतणें आणि पुन्हां जाणें, हें छंदाचें लक्षण आहे. आणि छंदाचा दुसरा गुण, म्हणजे आपल्या लाडक्या कल्पनेवर आंधळें प्रेम, तोही त्यांच्यांत होता. शब्दांच्या व्युत्पत्ति लावतांना त्यांची कल्पना पुष्कळदां पुराव्याच्या पुढें धांवली, आणि त्यांतल्या अनेक व्युत्पत्ति पुढील अभ्यासकांनीं बाजूस ठेवल्या. त्यांचे खंड मात्र कोणालाही बाजूस ठेवतां आले नाहींत.

राजवाड्यांचे समकालीन दत्तात्रय बळवंत पारसनीस ह्यांचें उदाहरण दुसऱ्या अंगानें बोलकें आहे. त्यांचा जन्म १८७० चा आणि कर्मभूमि सातारा. झांशीच्या राणी लक्ष्मीबाईंचें चरित्र त्यांनीं १८९४ सालीं, वयाच्या चोविसाव्या वर्षीं लिहिलें. पुढें 'भारतवर्ष' आणि 'इतिहाससंग्रह' हीं नियतकालिकें चालविलीं. म्हणजे ते लेखक आणि संपादकही होते. पण त्यांचा खरा पिंड संग्राहकाचा. नाना फडणविसांचें मेणवलीचें दप्तर त्यांनीं मिळविलें. त्याखेरीज चित्रें, नकाशे, नाणीं, दुर्मिळ इंग्रजी पुस्तकें, जें जें मराठ्यांच्या इतिहासाशीं संबंध सांगेल तें तें त्यांनीं जमविलें. राजवाड्यांना सरकारी कृपेचें वावडें होतें; पारसनिसांनीं सरकारशीं गोडी राखून साताऱ्यास संग्रहालय उभें करविलें. तो संग्रह १९३९ सालीं पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आला. दैवयोग असा कीं, हे दोघेही एकाच वर्षीं गेले. पारसनीस ३१ मार्च १९२६ रोजीं आणि राजवाडे धुळें येथें ३१ डिसेंबर १९२६ रोजीं. बंगालचे इतिहासकार जदुनाथ सरकार ह्यांनीं ह्या दोघांवर, आणि त्यांच्याबरोबर मिरजेचे वासुदेवशास्त्री खरे व पुण्याचे काशीनाथ नारायण साने ह्यांच्यावर, आपल्या 'हाऊस ऑफ शिवाजी' ह्या ग्रंथांत लिहिलें आहे.

आतां छंद आणि व्यासंग हे एका छपराखालीं कसे आले, तें पाहूं. ७ जुलै १९१० रोजीं राजवाडे आणि सरदार खंडेराव चिंतामण मेहेंदळे ह्यांनीं पुण्यांत भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केलें. मंडळाचें घर पुढें सदाशिव पेठेंत झालें, आणि तें आजही तेथेंच आहे. मंडळाचें वैशिष्ट्य त्याच्या कामाच्या पद्धतींत आहे. कोणीही कागद, नाणें, ताम्रपट, चित्र आणून द्यावें, तें जपून ठेवलें जाई. आणि त्याबरोबरच सभा भरवून त्यावर निबंध वाचावेत, श्रोत्यांनीं शंका काढाव्यात, आणि टिकलेलें तेवढें छापावें, असा परिपाठ पडला. म्हणजे संग्रह सर्वांचा आणि तपासणीही सर्वांची. छांदिष्टाचा ठेवा त्याच्या कडीकुलुपांतून बाहेर आला, आणि व्यासंग्याचें मत त्याच्या एकट्याच्या खोलींतून चारचौघांत आलें. स्वतः राजवाडे पुढें ह्या मंडळापासून दूर झाले. एकट्यानें चालणाऱ्या माणसाला सभेची शिस्त फार दिवस मानवत नाहीं. पण मंडळ टिकलें. दत्तो वामन पोतदारांनीं तें संस्था म्हणून वाढविलें. गणेश हरि खरे ह्यांनीं शिलालेख, मूर्ति, नाणीं आणि फार्सी कागद ह्यांच्या वाचनांत तेथें आपलें आयुष्य वेंचलें.

ह्या संगमाचें फळ कोणतें, तें एका तारखेवरून कळेल. शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ च्या वैशाखांत, म्हणजे इसवी सन १६२७ मध्यें झाला, अशी समजूत बखरींवरून रूढ होती. भोरकडील कारी गांवच्या जेधे घराण्यानें पिढ्यान् पिढ्या एक शकावली जपून ठेवली होती. शके १५४० पासून १६१९ पर्यंतच्या घडामोडींची ती मितीवार टांचणें. कारीच्या देशमुखांनीं ती जपली ती पूर्वजांच्या अभिमानानें. तींत इतिहासाचा एवढा मोठा प्रश्न सोडविण्याची किल्ली आहे, हें त्यांच्या ध्यानांत असण्याचें कारण नव्हतें. ती लोकमान्य टिळकांच्या हातीं आली, आणि १९१६ सालीं मंडळाच्या संमेलनवृत्तांत त्यांनीं ती प्रसिद्ध केली. तींत जन्मतिथि होती फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. लगेच ती कोणी मानली नाहीं. मानूंही नये, हीच व्यासंगाची रीत. एक साक्षीदार पुरेसा नव्हता. पुढें तंजावरच्या ग्रंथसंग्रहांतील कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' ह्या संस्कृत काव्याची प्रत उपलब्ध झाली. सदाशिव महादेव दिवेकरांनीं संपादिलेलें तें काव्य १९२७ सालीं मंडळानें प्रसिद्ध केलें, आणि त्यांतही हीच तिथि निघाली. राजस्थानांत जोधपूर येथें मिळालेल्या एका जुन्या कुंडलीनेंही तिलाच दुजोरा दिला. तिथि, वार आणि नक्षत्र गणितानें जुळतात हें पाहण्याची सोय दीक्षितांच्या पिढीनें आधींच करून ठेवली होती. त्या गणितानें तो दिवस शुक्रवार, १९ फेब्रुवारी १६३० असा निघतो, आणि आज महाराष्ट्र शासन तीच तारीख मानतें. कारी, तंजावर आणि जोधपूर हीं तीन ठिकाणें एकमेकांपासून किती दूर! तिन्ही ठिकाणीं कोणी तरी कारण न विचारतां कागद जपला. आणि पुण्यांत कोणी तरी कारण विचारल्यावांचून तो स्वीकारला नाहीं.

ह्या दोन वृत्तींमधील खरा भेद इथेंच आहे. तो हुषारीचा नाहीं, श्रमाचा नाहीं आणि शिक्षणाचाही नाहीं. तो काळाच्या क्रमाचा आहे. छांदिष्टाला पहिल्यानें यावें लागतें. वस्तूला मोल नसतें, तिच्याबद्दल कोणी प्रश्न विचारलेला नसतो, आणि ती कशासाठीं जपतोस ह्याचें उत्तर त्याच्यापाशींही नसतें. व्यासंगी मागाहून येतो. प्रश्न घेऊन येतो, आणि उत्तरासाठीं ज्या वस्तूची गरज असते ती कोणी तरी आधींच जपलेली असावी लागते. अडकित्त्यांच्या घडणीवरून कांसार-तांबटांच्या कारागिरीचा इतिहास लिहितां येईल, असा विचार १९२० सालीं फार थोड्यांनीं केला असेल. पण ते अडकित्ते तेव्हांच मोडींत गेले असते, तर आज तो विचार सुचूनही उपयोग नव्हता. जो समाज प्रत्येक वेळीं "ह्याचा उपयोग काय?" असें विचारून छांदिष्टाला गप्प बसवितो, तो आपल्या नातवंडांचे प्रश्न आधींच मारून टाकतो.

दोन्हींचे दोषही सांगितले पाहिजेत. छंदाचा दोष मालकीचा. दप्तर आपल्यापाशीं आहे ह्या समाधानांत तें कोणाला दाखवूं नये असें वाटूं लागतें, आणि मालकाच्या पश्चात् तें कोठें जाईल ह्याचा भरंवसा राहत नाहीं. केळकरांचें मोठेपण वस्तूंच्या संख्येपेक्षां त्या वस्तु त्यांनीं लोकांच्या हवालीं केल्या, ह्यांत अधिक आहे. व्यासंगाचा दोष कोरडेपणाचा. पुरावा अजून पुरेसा नाहीं असें म्हणत म्हणत आयुष्य सरतें आणि ग्रंथ लिहावयाचा राहून जातो. किंवा लिहिला तर तो दहा जणांपलीकडे कोणाला समजत नाहीं. दोषांवर उपाय एकच, आणि तो म्हणजे सहवास. १९४४ सालीं पुण्यांत स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी आकाशनिरीक्षकांची संस्था सदाशिव पेठेंतच, टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरांत चालते. तेथें दुर्बिणीच्या नादानें आलेला मुलगा हळूहळू निरीक्षणाची वही ठेवावयास शिकतो. दीक्षितांचें आकाश आणि छांदिष्टाचें आकाश एकच असतें. भेद वहीचा असतो.

मंडळाच्या दप्तरखान्यांत आज पंधरा लाखांवर कागद आहेत. त्यांतील फार मोठा भाग मोडी लिपींतला. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेंतून मोडी गेली, आणि आज ती सफाईनें वाचणारे फार थोडे उरले आहेत. उलट इतिहासाचा छंद कधीं नव्हता इतका वाढला आहे. सुटीच्या दिवशीं तरुणांचे जथे किल्ल्यांवर जातात, जुनीं नाणीं आणि छायाचित्रें हौसेनें जमवितात, वीरगळांचा माग काढीत रानोमाळ हिंडतात. ह्या हौसेला नांवें ठेवण्याचें कारण नाहीं. राजवाड्यांची पायपीट त्याच जातीची होती. पण रुमालांत बांधलेले ते लाखों कागद नुसत्या हौसेनें बोलूं लागणार नाहींत. त्यांतील एकेक पत्र सोडवावयास मोडीचीं वळणें डोळ्यांत बसावीं लागतात, शके आणि हिजरी सनांचा मेळ घालावा लागतो, पत्रांतील माणसांचीं नातीं ठाऊक असावीं लागतात, आणि दहा पत्रांतून एखादी ओळ कामाची निघाली तरी समाधान मानावें लागतें.

कागद वांचले हें छांदिष्टांचें ऋण; ते वाचले जातील कीं नाहीं, हें पुढें येणाऱ्या व्यासंग्यांवर अवलंबून आहे. मोडीची मुळाक्षरें गिरवावयास फारसा वेळ लागत नाहीं. किल्ल्यावर जाणाऱ्या शंभरांतल्या एकानें जरी तीं गिरवलीं, तरी सदाशिव पेठेंतील त्या रुमालांच्या गांठी सोडावयास हात मिळतील. आणि तो एक जण दिवेलागणीपर्यंत कागदावरून मान वर करीत नाहीं असें पाहून कोणी त्याला वेडा म्हणालेंच, तर त्यानें मनाला लावून घेऊं नये. त्या पेठेंत तो शेरा पुष्कळ थोरांच्या वांट्याला येऊन गेलेला आहे.